क्रोकेटच्या हिरवळीपासून विंबल्डनपर्यंत : एका स्थानिक टेनिस क्लबच्या इतिहासाचे विवेचन

बीजसंज्ञा : लॉन टेनिस, विंबल्डन, क्रीडासंस्था, स्थानिक इतिहास, सभासदत्व, सार्वजनिक जागा.

प्रस्तावना

क्रीडासंस्थांचा इतिहास लिहिताना सामान्यतः विजेत्यांची नावे, चषक आणि विक्रम यांना अग्रस्थान दिले जाते. संस्था ज्या जमिनीवर उभी राहिली ती जमीन कोणाची होती, तिचा खर्च कसा भागला आणि तिच्या फाटकातून आत येण्याचा अधिकार कोणाला होता, हे प्रश्न बहुधा मागे पडतात. वस्तुतः संस्थेचे स्वरूप याच प्रश्नांच्या उत्तरांतून घडत असते. लंडनच्या नैर्ऋत्य भागातील विंबल्डन या उपनगरात असलेला ‘ऑल इंग्लंड लॉन टेनिस अँड क्रोकेट क्लब’ हे याचे बोलके उदाहरण आहे.

विंबल्डन म्हटले की जगातील सर्वांत जुनी टेनिस स्पर्धा डोळ्यांसमोर येते. परंतु ती स्पर्धा भरविणारी संस्था हा मूलतः काही शेकडा सभासदांचा खासगी क्लब आहे, हे फारसे लक्षात घेतले जात नाही. प्रस्तुत लेखात या क्लबच्या सुमारे दीडशे वर्षांच्या वाटचालीतील निर्णायक टप्प्यांचा परामर्श घेतला आहे. क्लबचे बहुतेक मोठे निर्णय पैशाच्या किंवा जागेच्या अडचणीतून झाले. आणि ती अडचण क्लबने बहुतेक वेळा कुंपणाबाहेरच्या लोकांच्या साहाय्याने सोडविली. त्यामुळे या बाहेरच्या लोकांचा क्लबवर नेमका किती हक्क, हा प्रश्न त्याच्या इतिहासात पुनःपुन्हा उपस्थित होत राहिला, असे या विवेचनाचे मुख्य प्रतिपादन आहे.

१. क्रोकेटचा क्लब

या क्लबची स्थापना २३ जुलै १८६८ रोजी झाली. ‘द फील्ड’ या साप्ताहिकाच्या लंडनमधील कचेरीत सहा गृहस्थ एकत्र आले होते आणि साप्ताहिकाचे संपादक जॉन हेन्री वॉल्श हे त्या बैठकीचे अध्यक्ष होते. लाकडी हातोडीने चेंडू कमानीतून पार करण्याचा क्रोकेट हा खेळ त्या काळी इंग्लंडच्या मध्यमवर्गात अत्यंत लोकप्रिय होता. स्त्रिया आणि पुरुष एकत्र खेळू शकतील अशा मोजक्या मैदानी खेळांपैकी तो एक होता. त्यामुळे संस्थेचे पहिले नाव ‘ऑल इंग्लंड क्रोकेट क्लब’ असे ठेवण्यात आले.

नावात ‘ऑल इंग्लंड’ असले तरी क्लबपाशी आरंभी स्वतःची जागा नव्हती. १८६९ मध्ये विंबल्डन येथे रेल्वेमार्ग आणि वर्पल रोड यांच्या मधोमध असलेली सुमारे चार एकर जागा भाडेपट्ट्याने घेण्यात आली. रेल्वेमुळे लंडन शहरातून तेथे पोहोचणे सुलभ होते. तथापि या भाडेपट्ट्यामुळे क्लबवर दरवर्षीच्या भाड्याचा बोजा पडला. पुढे काही वर्षांतच क्रोकेटची लोकप्रियता ओसरू लागली आणि केवळ सभासदांच्या वर्गणीवर मैदानाचा खर्च भागविणे कठीण होऊ लागले.

२. लॉन टेनिसचा उदय

याच सुमारास इंग्लंडमध्ये हिरवळीवर खेळावयाचा एक नवा खेळ आकार घेत होता. भिंतींच्या आत खेळले जाणारे जुने राजदरबारी टेनिस शतकानुशतके प्रचलित होते. परंतु गवतावर चेंडू उसळत नसल्याने ते बाहेर आणता येत नव्हते. ही अडचण दोन शोधांमुळे दूर झाली. १८३० मध्ये एडविन बडिंग याने गवत कापण्याचे यंत्र तयार केले व हिरवळ सपाट राखणे शक्य झाले. १८४० च्या दशकात रबराच्या गंधकीकरणाची प्रक्रिया रूढ झाली आणि हलका, उसळणारा चेंडू उपलब्ध झाला.

बर्मिंगहॅमच्या एजबॅस्टन भागात हॅरी जेम हे वकील आणि त्यांचे मूळचे स्पॅनिश मित्र ऑगुरिओ पेरेरा हे १८६० च्या दशकातच अशा प्रकारचा खेळ खेळत होते. पुढे १८७२ मध्ये त्यांनी लेमिंग्टन येथे या खेळासाठी स्वतंत्र क्लब स्थापन केला. तो जगातील पहिला लॉन टेनिस क्लब मानला जातो. १८७४ मध्ये मेजर वॉल्टर विंगफिल्ड यांनी आपल्या पद्धतीच्या खेळाचे पेटंट घेतले आणि रॅकेट, चेंडू, जाळी व नियमपुस्तिका असा संच पेटीतून विकण्यास प्रारंभ केला. त्यांचे कोर्ट मध्यभागी निमुळते, वाळूच्या घड्याळाच्या आकाराचे होते. १८७५ मध्ये मेरिलिबोन क्रिकेट क्लबने नियमांत एकवाक्यता आणण्याचा प्रयत्न केला; पण कोर्टाचा तो आकार कायम राहिला. थोडक्यात, खेळ लोकप्रिय होता, परंतु त्याचे सर्वमान्य स्वरूप निश्चित झालेले नव्हते.

या परिस्थितीत क्रोकेट क्लबचे सभासद हेन्री जोन्स यांनी १८७५ मध्ये वर्पल रोडवरील एक हिरवळ लॉन टेनिससाठी राखून ठेवण्याची सूचना केली. जोन्स हे व्यवसायाने वैद्य होते आणि ‘कॅव्हेंडिश’ या टोपणनावाने पत्त्यांच्या खेळांवर लिहीत. त्यांची सूचना मान्य झाली. नव्या खेळामुळे नवे सभासद मिळू लागले आणि १८७७ मध्ये क्लबचे नाव ‘ऑल इंग्लंड क्रोकेट अँड लॉन टेनिस क्लब’ असे करण्यात आले.

३. १८७७ : रोलर, प्रवेशशुल्क आणि नियम

हिरवळ सपाट राखण्यासाठी क्लबपाशी घोड्याने ओढावयाचा एक रोलर होता. तो नादुरुस्त झाला आणि त्याच्या दुरुस्तीसाठी पैसा उभा करावा म्हणून १८७७ मध्ये स्पर्धा भरविण्यात आली, असे परंपरेने सांगितले जाते. ‘द फील्ड’मधून स्पर्धेची घोषणा झाली. स्पर्धा सर्व हौशी खेळाडूंना खुली होती आणि प्रवेशशुल्क एक गिनी होते. क्लबच्या कुंपणाबाहेरील खेळाडूला आत येण्याचे हे पहिले जाहीर निमंत्रण होय.

परंतु वेगवेगळ्या ठिकाणांहून खेळाडू येणार म्हणजे सर्वांना समान नियम हवेत. ही निकड भागविण्यासाठी हेन्री जोन्स, ज्युलियन मार्शल आणि चार्ल्स गिल्बर्ट हीथकोट यांची समिती नेमण्यात आली. समितीने घड्याळाच्या आकाराचे कोर्ट रद्द करून ७८ फूट लांब आणि २७ फूट रुंद असे आयताकृती कोर्ट निश्चित केले. गुणमोजणीसाठी जुन्या टेनिसमधील १५, ३०, ४० ही पद्धत स्वीकारली आणि सर्व्हिस करताना एक चूक माफ करण्याची मुभा दिली. एकेरी सामन्याच्या कोर्टाची ही लांबी-रुंदी आजही जगभर तीच आहे. एका उपनगरी क्लबने एका स्पर्धेपुरते केलेले नियम पुढे जगाचे नियम झाले. कारण ते प्रत्यक्ष स्पर्धेच्या गरजेतून आले होते आणि अनेक क्लबांच्या खेळाडूंनी ते एकाच मैदानावर वापरून पाहिले होते.

९ जुलै रोजी स्पर्धेस प्रारंभ झाला. एकूण २२ खेळाडूंनी नावे नोंदविली होती. लॉर्ड्सवर होणाऱ्या ईटन आणि हॅरो या शाळांच्या क्रिकेट सामन्यासाठी स्पर्धा मध्येच थांबविण्यात आली, यावरून तत्कालीन समाजात टेनिसचे स्थान काय होते ते दिसून येते. पावसामुळे पुढे ढकललेला अंतिम सामना १९ जुलै रोजी झाला. एक शिलिंग देऊन सुमारे २०० प्रेक्षक तो पाहण्यास आले. स्पेन्सर गोर यांनी विल्यम मार्शल यांचा ६–१, ६–२, ६–४ असा पराभव केला. क्लबला सुमारे १० पौंडांची शिल्लक उरली. गंमत अशी की, विजेत्या गोर यांनाच हा खेळ पुढे कंटाळवाणा वाटेल अशी शंका होती.

४. अनुभवाच्या आधारे नियमबदल

या स्पर्धेचे खरे वैशिष्ट्य तिच्या नंतरच्या विश्लेषणात आहे. जोन्स यांनी झालेल्या सर्व गेमची नोंद तपासली. एकूण ६०१ गेमपैकी ३७६ गेम सर्व्हिस करणाऱ्याने आणि २२५ गेम समोरच्याने जिंकले होते. सर्व्हिस करणाऱ्यास अवाजवी लाभ मिळतो असा निष्कर्ष त्यांनी काढला. त्या वेळी सर्व्हिसची रेषा जाळीपासून २६ फुटांवर होती. ती १८७८ मध्ये २२ फुटांवर आणि १८८० मध्ये २१ फुटांवर आणण्यात आली. आजही ती तेथेच आहे.

जाळीच्या बाबतीतही असेच घडले. आरंभी तिची उंची खांबांपाशी ५ फूट आणि मध्यभागी ३ फूट ३ इंच होती. गोर जाळीजवळ येऊन चेंडू हवेतच परतवीत. १८७८ मध्ये सिलोनमध्ये मळा चालविणारे आणि सुटीवर मायदेशी आलेले फ्रँक हॅडो यांनी त्यांच्या डोक्यावरून उंच चेंडू मारून त्यांना निष्प्रभ केले. अशा प्रकारे खेळातील प्रत्येक युक्तीला प्रतियुक्ती शोधली जात होती. त्यांचा समतोल साधण्यासाठी जाळीची उंची टप्प्याटप्प्याने कमी करण्यात आली आणि १८८२ मध्ये ती खांबांपाशी साडेतीन फूट झाली.

त्याच वर्षी क्लबच्या नावातून ‘क्रोकेट’ हा शब्द वगळण्यात आला. पुढे १८९९ मध्ये भावनिक कारणास्तव तो पुन्हा जोडण्यात आला, तोही ‘लॉन टेनिस’नंतर. १८८८ मध्ये लॉन टेनिस असोसिएशनची स्थापना झाली आणि नियम करण्याची जबाबदारी क्लबकडून तिच्याकडे गेली. क्लबचे स्थान मात्र अबाधित राहिले नाही. १८९५ मध्ये स्पर्धेला ३३ पौंडांचा तोटा झाला. रेजिनाल्ड आणि लॉरेन्स डोहर्टी या बंधूंच्या खेळाने १८९७ नंतर प्रेक्षक परत आले नसते, तर ही स्पर्धा बंदही पडली असती.

५. प्रवेशाचा प्रश्न

क्रोकेटच्या हिरवळीवर स्त्रियांना स्थान होते. टेनिस स्पर्धेत ते लगेच मिळाले नाही. आयर्लंडमध्ये डब्लिन येथे १८७९ मध्येच स्त्रियांची स्पर्धा झाली. विंबल्डनने ती १८८४ मध्ये सुरू केली. १३ स्त्रियांनी भाग घेतला आणि अंतिम सामन्यात मॉड वॉटसन हिने आपली थोरली बहीण लिलियन हिला हरविले. पुरुष आणि स्त्रिया यांना समान रकमेची पारितोषिके मिळण्यास मात्र २००७ साल उजाडावे लागले.

परदेशी खेळाडूंच्या बाबतीत १९०५ हे वर्ष महत्त्वाचे ठरले. त्या वर्षी अमेरिकेची मे सटन विजेती झाली आणि १९०७ मध्ये ऑस्ट्रेलियाच्या नॉर्मन ब्रूक्स यांनी पुरुषांचे विजेतेपद मिळविले. १९५७ मध्ये आल्थिया गिब्सन या येथील एकेरीतील पहिल्या कृष्णवर्णीय विजेत्या ठरल्या.

भारतीयांच्या दृष्टीने १९३४ ची एक घटना विशेष उल्लेखनीय आहे. मुंबईच्या लीला राव यांनी त्या वर्षी विंबल्डनच्या एकेरीत सामना जिंकला. असा विजय मिळविणाऱ्या त्या पहिल्या भारतीय स्त्री होत. संस्कृत कवयित्री पंडिता क्षमाबाई राव यांच्या त्या कन्या. क्षमाबाई स्वतःही टेनिसपटू होत्या, आणि त्यांचे वडील म्हणजे तुकारामांच्या गाथेच्या संपादनाशी ज्यांचे नाव निगडित आहे ते शंकर पांडुरंग पंडित. एकोणिसाव्या शतकातील मराठी विद्वत्परंपरेचा धागा अशा रीतीने विंबल्डनच्या हिरवळीपर्यंत पोहोचला. पुढे १९३९ मध्ये घौस महंमद यांनी उपान्त्यपूर्व फेरी गाठली आणि १९६० व १९६१ मध्ये रामनाथन कृष्णन यांनी लागोपाठ दोनदा उपान्त्य फेरीत स्थान मिळविले.

येथे एक भेद लक्षात घेणे आवश्यक आहे. स्पर्धा जसजशी सर्वांना खुली होत गेली तसतसे क्लबचे सभासदत्व खुले झाले नाही. स्पर्धेचे दार आणि क्लबचे दार ही दोन वेगळी दारे होती व आहेत.

६. वर्पल रोड ते चर्च रोड

पहिल्या महायुद्धानंतर १९१९ मध्ये फ्रान्सची सुझान लेंगलेन विंबल्डनला आली. तिचा खेळ पाहण्यासाठी इतकी गर्दी लोटली की वर्पल रोडची जागा अपुरी ठरली. क्लबने चर्च रोड येथे नवी जमीन विकत घेतली. या खर्चासाठी ऋणपत्रे विक्रीस काढण्यात आली. ती घेणाऱ्यास ठरावीक काळापर्यंत मुख्य कोर्टावर आसनाचा हक्क मिळे. ही पद्धत क्लबने पुढेही चालू ठेवली.

वास्तुविशारद स्टॅन्ली पीच यांनी आखलेल्या नव्या मैदानाचे उद्घाटन १९२२ मध्ये राजे पंचम जॉर्ज यांच्या हस्ते झाले. वर्पल रोडवर मुख्य कोर्ट इतर कोर्टांच्या मध्यभागी असल्याने त्यास ‘सेंटर कोर्ट’ म्हणत. नव्या जागी ते त्या वेळी मध्यभागी नसतानाही नाव तेच राहिले. वर्पल रोडचे मैदान पुढे मुलींच्या एका शाळेच्या उपयोगात आले. तिकिटांना मागणी एवढी वाढली की १९२४ पासून सोडत पद्धती सुरू करावी लागली.

दुसऱ्या महायुद्धात स्पर्धा थांबली, परंतु मैदान रिकामे राहिले नाही. अग्निशामक दल, रुग्णवाहिका पथके आणि गृहरक्षक दल यांनी त्याचा वापर केला. आवारात डुकरे, कोंबड्या आणि ससे पाळले जात. ऑक्टोबर १९४० मध्ये सेंटर कोर्टावर बॉम्ब पडून सुमारे १,२०० आसने नष्ट झाली. संकटकाळात खासगी क्लबची जागा सार्वजनिक उपयोगाची ठरली, ही बाब पुढील विवेचनाच्या दृष्टीने लक्षणीय आहे.

७. हौशी आणि व्यावसायिक

टेनिसच्या स्पर्धा दीर्घकाळ केवळ हौशी खेळाडूंसाठी होत्या. प्रत्यक्षात अनेक ‘हौशी’ खेळाडूंना प्रवासखर्चाच्या नावाखाली गुपचूप पैसे दिले जात. जे उघडपणे व्यावसायिक होत त्यांना मात्र प्रवेश बंद होई. क्लबचे अध्यक्ष हर्मन डेव्हिड यांनी या दुटप्पीपणावर उघड टीका केली. ऑगस्ट १९६७ मध्ये क्लबने सेंटर कोर्टावर आठ व्यावसायिक खेळाडूंची स्पर्धा भरविली आणि तिला मोठा प्रतिसाद मिळाला. डिसेंबरमध्ये लॉन टेनिस असोसिएशनने भेद रद्द करण्याचा ठराव केला. १९६८ मध्ये विंबल्डन सर्वांना खुले झाले. पुरुष विजेते रॉड लेव्हर यांना २,००० पौंड आणि स्त्री विजेत्या बिली जीन किंग यांना ७५० पौंड मिळाले. परंपरेचा अभिमान बाळगणाऱ्या क्लबने या प्रसंगी परंपरेच्या विरोधात पुढाकार घेतला, कारण सर्वोत्तम खेळाडू बाहेर राहिले तर आपल्या स्पर्धेला अर्थ उरणार नाही हे त्याने ओळखले होते.

८. कुंपणापलीकडची जमीन

टेलिव्हिजनच्या प्रसारामुळे क्लबचे उत्पन्न प्रचंड वाढले. स्पर्धेतून खर्च वजा जाता उरणाऱ्या रकमेचा फार मोठा भाग ब्रिटिश टेनिसच्या विकासासाठी लॉन टेनिस असोसिएशनकडे जातो. पैशाची अडचण सुटली. जागेची अडचण मात्र कायम राहिली.

चर्च रोडच्या पलीकडे विंबल्डन पार्क आहे. अठराव्या शतकातील ख्यातनाम उद्यानरचनाकार ‘केपेबिलिटी’ ब्राउन यांचा हात त्याच्या रचनेला लागलेला होता. त्यातील गोल्फचे मैदान १९९३ मध्ये क्लबने मर्टन या स्थानिक परिषदेकडून ५२ लाख पौंडांना विकत घेतले. त्या वेळी बांधकामावर निर्बंध घालणाऱ्या अटी करारात होत्या. २०१८ मध्ये गोल्फ क्लबचा उर्वरित भाडेपट्टा सुमारे साडेसहा कोटी पौंड देऊन संपुष्टात आणण्यात आला. २०२१ मध्ये क्लबने तेथे ३८ नवी गवती कोर्टे आणि ८,००० आसनांचे एक प्रेक्षागृह बांधण्याचा प्रस्ताव मांडला. पात्रता फेरीचे सामने मुख्य मैदानालगत व्हावेत आणि जागेचा काही भाग नागरिकांसाठी उद्यान म्हणून खुला व्हावा, असे त्याचे समर्थन होते. मोकळी जागा, वृक्ष आणि १९९३ च्या अटी यांचे काय, असा स्थानिक रहिवाशांचा सवाल होता.

जमीन दोन परिषदांच्या हद्दीत येत असल्याने निर्णयही दोन झाले. ऑक्टोबर २०२३ मध्ये मर्टन परिषदेने प्रस्तावास अनुकूलता दर्शविली. नोव्हेंबरमध्ये वॉन्ड्सवर्थ परिषदेने तो फेटाळला. सप्टेंबर २०२४ मध्ये बृहत् लंडन प्राधिकरणाने त्यास मान्यता दिली. या मान्यतेस रहिवाशांच्या संघटनेने दिलेले आव्हान उच्च न्यायालयाने जुलै २०२५ मध्ये फेटाळले. न्यायालयीन निकालाचे स्वरूप काहीही असले तरी मूळ प्रश्न जुनाच आहे. १८७७ मध्ये बाहेरच्या लोकांच्या शिलिंगांवर क्लब तरला. दीड शतकानंतर त्याच बाहेरच्या लोकांपैकी त्याचे शेजारी आपला वाटा मागत होते.

निष्कर्ष

वरील विवेचनावरून असे दिसते की, विंबल्डनचे मोठेपण पूर्वनियोजित नव्हते. ओसरणारा क्रोकेट, नादुरुस्त रोलर, अपुरी जागा आणि बाहेर राहिलेले खेळाडू अशा व्यावहारिक अडचणींना क्लबने वेळोवेळी जी उत्तरे शोधली, त्यांतून ते आकारास आले. प्रत्येक उत्तराने क्लबचे वर्तुळ थोडे मोठे केले. मात्र निर्णयाचा अधिकार सभासदांपाशीच राहिला. क्लबचे सामर्थ्य आणि त्याच्याविषयीचा वाद, दोहोंचे मूळ येथे आहे.

महाराष्ट्राच्या दृष्टीने या अभ्यासाला विशेष महत्त्व आहे. ज्या १८७५ साली वर्पल रोडवर टेनिससाठी पहिली हिरवळ राखली गेली, त्याच वर्षी मुंबईत बॉम्बे जिमखान्याची स्थापना झाली आणि तेथे आरंभी केवळ युरोपियनांना प्रवेश होता. त्यानंतर १८८५ मध्ये पारशी, १८९२ मध्ये इस्लाम आणि १८९४ मध्ये हिंदू जिमखाना असे समाजनिहाय जिमखाने उदयास आले. पुण्यात १९०६ मध्ये डेक्कन जिमखाना स्थापन झाला. सर दोराबजी टाटा यांच्या पुढाकाराने १९२० च्या अँटवर्प ऑलिंपिकला गेलेल्या भारतीय चमूच्या निवडीशी त्याचा निकटचा संबंध होता. या संस्थांसह जिल्ह्याच्या गावी, महाविद्यालयांच्या आवारांलगत असलेल्या लहान टेनिस क्लबांचा इतिहासही लिहिला जाणे आवश्यक आहे. त्यासाठी चषकांच्या कपाटाइतकेच भाडेपट्टे, जमाखर्चाच्या वह्या, सभांची इतिवृत्ते आणि सभासदांच्या याद्या यांकडे लक्ष द्यावे लागेल. जागा कोणाची, पैसा कोठून आला आणि प्रवेश कोणाला होता, हे तीन प्रश्न घेऊन इतिहास, अर्थशास्त्र, समाजशास्त्र आणि शारीरिक शिक्षण या विषयांच्या प्राध्यापकांनी एकत्रितपणे हे काम हाती घेतल्यास स्थानिक इतिहासाचे एक दुर्लक्षित दालन खुले होऊ शकेल. कागदपत्रे जीर्ण होऊन नष्ट होण्यापूर्वी ते घडणे अगत्याचे आहे.